रकान्यात ‘किती’ आहे, ‘कधी’ नाही

आमच्या कॉलेजात नॅकचा पाचवा क्रायटेरिया माझ्याकडे आहे. कॉलेजच्या जगाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या मूल्यांकनात सात क्रायटेरिया, म्हणजे निकष असतात, आणि पाचव्यात शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, माजी विद्यार्थी मेळावा असं सगळं येतं. त्यातला झोप उडवणारा मुद्दा म्हणजे 5.2.1. पास होऊन बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि किती जण पुढे शिकायला गेले ते सांगा. पाच वर्षांचं, वर्षवार आणि पुराव्यासकट. पुरावा म्हणजे नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र, नाहीतर पुढच्या कॉलेजातल्या प्रवेशाचा कागद. कागद नसेल तर तो विद्यार्थी आमच्या आकड्यात धरता येत नाही. मग तो खाऊनपिऊन सुखी असो नाहीतर देशोधडीला लागलेला असो.

मी अर्थशास्त्र शिकवते. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बी.ए., बी.कॉम. अनुदानित, बाकी विनाअनुदानित. पोरं एसटीनं येतात. आईबाप शेतीत, ऊसतोडीला किंवा टेंभुर्णीकडच्या एखाद्या हॉटेलात. अशा कॉलेजात 5.2.1 भरायचं म्हणजे मार्च महिन्यात सगळ्या विभागांच्या मागे लागून ‘तुमची कुणी लागली का हो कुठं?’ असं विचारत फिरायचं.

मागच्या वर्षी मी ठरवलं की फॉर्मसाठी नाही, स्वतःच्या समाधानासाठी एक बॅच नीट पाहायची. 2017 च्या जूनमध्ये एफ.वाय.बी.ए.ला बसलेली, म्हणजे 2020 मध्ये बाहेर पडलेली. कोरोना बॅच. परीक्षा घ्यायची की नाही यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण आणि शेवटी ऑक्टोबरात मोबाईलवर दिलेला पेपर, ती ही मुलं. पाच वर्षं झाली होती. पैसे कसे मिळाले, शिकली कशी आणि पुढे काय झालं, या तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या नावापुढे एका ओळीत लिहायच्या, एवढाच बेत.

तर पहिली गंमत. या तिन्ही गोष्टी आमच्याकडे तीन कपाटांत आहेत आणि तिन्ही कपाटांत मुलाचा नंबर वेगळा. जनरल रजिस्टरला दाखल क्रमांक, परीक्षा विभागाच्या लेजरला विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन, शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या, महाडीबीटीच्या यादीला अर्जाचा आयडी. जोडायला उरतं फक्त नाव. ते रजिस्टरात मराठीत, लेजरमध्ये इंग्रजीत आणि आधारवर आणखी तिसऱ्याच स्पेलिंगनं. एकाच वर्गात त्याच आडनावाची, त्याच नावाची तीन मुलं असली की वडिलांच्या नावावर जायचं, तेही जुळलं तर आईच्या. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “मॅडम, हे कुणी मागितलंय?” कुणीच नाही म्हटल्यावर त्यांनी किल्ली दिली, पण काहीतरी बिनसलंय अशा नजरेनं.

दिल्लीत हे चित्र फार भव्य दिसतं. उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी, तिला आम्ही सगळे ‘आयशे’ म्हणतो, 2010-11 पासून दरवर्षी होते. तिच्या 2021-22 च्या अहवालात देशात उच्च शिक्षण घेणारे 4 कोटी 33 लाख विद्यार्थी आहेत. 18 ते 23 वयाच्या लोकसंख्येशी नोंदणीचं प्रमाण 28.4 टक्के, आणि मुलींचं मुलांपेक्षा किंचित जास्तच. संख्येत उत्तर प्रदेशाच्या खालोखाल महाराष्ट्र. या आकड्यांचा मला अभिमानच आहे, त्यातले थोडे मी स्वतः रात्री दोन वाजता सर्व्हर मोकळा असताना भरलेले आहेत. पण आयशे विचारते की किती आले आणि किती पास झाले. पुढच्याला तिथं जागा नाही.

निकालाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथली मेख एकच आहे. नॅकला आम्ही पास होणाऱ्यांची टक्केवारी देतो ती शेवटच्या वर्षाची: परीक्षेला बसले किती, पास किती. ती कायम छान असते. पण एफ.वाय.ला आलेल्या आणि एस.वाय.ला न दिसलेल्या मुलांचं काय? ती नापास नाहीत. ती नुसती नाहीतच. आमच्या बॅचमध्ये जेवढी गळती झाली, तिच्यातली बहुतेक पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राच्या आतच झाली होती. लेजर उलगडून बसलं की कोऱ्या जागा दिसतात, आणि त्या जागा टक्केवारीच्या छेदात कधीच जात नाहीत. या बाबतीत एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची रँकिंगवाली मंडळी बरी म्हणायची. ती निदान विचारतात की प्रवेश घेतला किती जणांनी आणि ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले किती. अर्थात आमच्यासारख्या कॉलेजला रँकिंगमध्ये कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

आता पैसे. इथं मी जरा थांबणार आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिष्यवृत्ती म्हणजे मुलाला पैसे मिळाले, मूल शिकलं. आमच्या फॉर्मलाही तसंच वाटतं. 5.1.1 मध्ये विचारतात की किती विद्यार्थ्यांना शासनाची शिष्यवृत्ती, फी सवलत मिळाली. आम्ही लिहितो, कारण यादीत ‘मंजूर’ असतं. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावची शिक्षण शुल्क योजना, तिची मर्यादा आठ लाख. गावात अजून सगळे तिला ‘ईबीसी’च म्हणतात. योजना आहेत, आणि चांगल्या आहेत. मी स्वतः एका सवलतीवर शिकले.

पण पैसे कधी येतात?

महाडीबीटीवर अर्ज भरायचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायचा. अर्ज क्लार्कच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याला. दाखल्यावरची तारीख अस्पष्ट दिसली की ‘सेंड बॅक’. मुलाचा मोबाईल नंबर बदललेला असला की ओटीपी गायब. बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं की मंजूर होऊनही पैसे हवेत. आणि हे सगळं सुरळीत झालं तरी हप्ता त्याच शैक्षणिक वर्षात पडेल याची खात्री नाही. बॅचच्या यादीपुढे मी जमा झाल्याची तारीख लिहायला घेतली तेव्हा अनेकांच्या बाबतीत एफ.वाय.चा पैसा एस.वाय.त आला होता, आणि तोवर काही जणांनी एफ.वाय.लाच राम राम केलेला. कागदावर ते लाभार्थी होते. आमच्या 5.1.1 मध्येही होते.

पुढे अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत एक बदल झाला. केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. कल्पना रास्त आहे. मधली गळती थांबावी, हा हेतू. पण त्या रकमेत कॉलेजची फीही असते. आता बघा: आमच्याकडची एक मुलगी, बाप सालगडी. खात्यात पैसे पडले त्या आठवड्यात घरात भावाचं आजारपण. पैसे गेले. कॉलेज म्हणतं फी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडकेल. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून मला म्हणाली, “मॅडम, पैसे माझ्याच नावावर आले, पण मला आधी दिसले नाहीत, दादांना दिसले.” तिला दटावणार कोण आणि कशासाठी? आम्ही दोघी-तिघींनी मिळून फॉर्मचं भागवलं. अशा भागवाभागवीला कुठल्या क्रायटेरियात जागा नाही.

आणि फीबद्दल बोलायचं तर अनुदानित बी.ए.ची फी हा मोठा खर्च नव्हेच. मोठा खर्च म्हणजे येणं-जाणं, आणि घरच्या हातचा एक माणूस कमी होणं. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो. बारावी संपली की तो थांबतो. कॉलेजात सवलतीचा पास मिळतो, एक तृतीयांश पैसे भरून. रक्कम तुमच्या-माझ्या दृष्टीनं किरकोळ. पण फुकट आणि किरकोळ यांच्यामध्ये घरातली एक चर्चा असते, आणि ती चर्चा आमच्याकडे जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर होते. 2024 च्या जुलैमध्ये मुलींना शंभर टक्के फी माफ झाल्याची बातमी आली तेव्हा पालकांची रांग लागली होती. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे, बी.ए.ला नाही, हे समजावता समजावता माझा घसा बसला. एक आजोबा म्हणाले, “म्हणजे इंजिनेर होणारीला फुकट, आणि आमच्या पोरीला?” मी काय उत्तर देणार.

शिष्यवृत्तीचा निकालावर काय परिणाम होतो, असा अभ्यास कुणी करायला घेतला आणि ‘मिळाली / नाही मिळाली’ असे दोनच रकाने धरले, तर त्याच्या हाती काही लागणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीपूर्वी मिळालेली आणि पुढच्या वर्षी मिळालेली, या दोन वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. एकीनं मूल टिकतं. दुसरीनं बहुतेक उधारी फिटते.

मग फोन करायला बसले. निम्मे नंबर बंद. मुलींचे तर जवळजवळ सगळेच, कारण लग्न झालं की सिम बदलतं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, मामेबहिणीकडून, इंस्टाग्रामवरून माणसं शोधली. यात ग्रुपवर सगळ्यांना कायम सण-वारांच्या शुभेच्छा पाठवणारा एक मुलगा होता, वर्गात कधी तोंड न उघडलेला. त्याच्याकडे सगळ्यांचे पत्ते होते. माजी विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षांपेक्षा मला तो जास्त उपयोगी पडला.

मुलांपैकी बरेच पुण्याजवळ चाकण, रांजणगावला. कंपनीत आहेत, पण कंपनीचे नाहीत, ठेकेदाराचे. पगार खात्यात येतो, नेमणूकपत्र नसतं, ओळखपत्रावर तिसऱ्याच एजन्सीचं नाव. काही जण पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत तीन-तीन वर्षं काढून परतलेले, काही अजून तिथंच. काय करतोस विचारलं की “तयारी करतोय मॅडम.” 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्यातले चार-पाच अर्ज माझ्या या बॅचचे. एक जण रात्री पेट्रोल पंपावर असतो आणि पहाटे भरतीच्या मैदानी चाचणीसाठी मैदानावर पळतो. तो नोकरीत आहे की बेरोजगार? मी त्यालाच विचारलं. म्हणाला, “मैदान निघालं की सांगतो.”

एकीचा फोन सासूबाईंनी उचलला. कोण, कुठून, कशाला, अशी रीतसर उलटतपासणी झाल्यावर तिच्या हातात गेला. बी.ए. अर्थशास्त्र, पहिला वर्ग. सध्या माळशिरसकडच्या एका गावात उमेद अभियानाच्या बचत गटांची सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती आहे. गटांची खाती लिहिते, बँकेत कर्जाची प्रकरणं करते, मानधन मिळतं. शिवाय घरच्या चार म्हशींचं सगळं तीच बघते. मी म्हटलं, अगं नेमणुकीचा कागद आहे का काही? हसली. “कागद नाही मॅडम. पण लग्न झालं म्हणून कोरं सोडू नका. कामाला आहे मी.”

माझ्या फॉर्मात तिचं काम शून्य. आणि केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचा माणूस तिच्या दारी गेला असता तर नुसत्या म्हशींच्या जोरावरही ती रोजगारात मोजली गेली असती. कारण तिथं घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारीही काम करणारीच धरतात. त्या सर्वेक्षणात ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग 2017-18 मध्ये 24.6 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 47.6 टक्के झाला. या वाढीवर अर्थशास्त्रज्ञ वाद घालतात की ही प्रगती की घरच्या कामाची नव्यानं नोंद. माझ्या वर्गात आता हा प्रश्न मी या मुलीचं नाव न सांगता तिच्यावरून शिकवते. टीवायची मुलं पंधरा मिनिटं भांडतात. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येवर कधी कुणी भांडलेलं पाहिलं नाही.

आणखी दोन प्रकार सांगते. एक जण बीए करून एमए, मग प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाला. 5.2.1 मध्ये तो आमचा हिरा आहे, पुढे शिकला म्हणून. आज दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो आणि मे महिन्यात त्याला मानधन नसतं. आता फॉर्म त्याला विचारत नाही. एक जण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पंचायत समितीत होता, पदवीधर म्हणून महिना दहा हजार. त्या महिन्यांत त्याच्याकडे शिक्क्याचा कागद होता, म्हणजे आमच्या दृष्टीनं उत्तम. मुदत संपली आणि तो परत रसवंतीवर बसला.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या रोजगारावरच्या 2023 च्या अहवालात एक आकडा आहे जो वर्तमानपत्रांनी मथळ्यात घेतला होता: पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी 42 टक्क्यांच्या वर. त्याच अहवालातला दुसरा आकडा मथळ्यात आला नाही. पस्तिशीच्या पुढच्या पदवीधरांत ती 5 टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे वय वाढलं की काम मिळतं. कसलं मिळतं हा खरा प्रश्न, आणि तो अहवालानंही विचारलेला आहे. आमचा फॉर्म मात्र पदवीचा निकाल लागल्यावर लगेचच्या वर्षाबद्दल विचारतो. ज्या वयात उत्तर सगळ्यात वाईट असतं आणि सगळ्यात कमी खरं असतं, नेमकं तेव्हा. आंब्याच्या कलमाला पहिल्या पावसाळ्यात फळं किती आली ते विचारण्यासारखं आहे हे.

इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदी करखात्याच्या नोंदींशी जोडतात, आणि पदवीनंतर एक, तीन, पाच आणि दहा वर्षांनी कोण काय कमावतं ते विषयवार, विद्यापीठवार प्रसिद्ध करतात. न्यूझीलंडमध्ये सांख्यिकी खात्याकडेच शिक्षण, कर, आरोग्य असे सगळे धागे नावं काढून टाकून एकत्र ठेवलेले असतात, संशोधकांना परवानगीनं वापरता येतात. वाचून हेवा वाटतो. आपल्याकडेही आता विद्यार्थ्याची ‘अपार’ नावाची देशभर एकच ओळख आली, त्याचे श्रेयांक साठवणारी क्रेडिट बँक आली, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही, असं आमचे कॉम्प्युटरचे सर म्हणतात. पण जोडणार कशाशी? माझ्या बॅचमधल्या किती जणांचा प्राप्तिकर आहे, किती जणांचा पीएफ? ठेकेदारानं पीएफ कापला तर तो भरला का, हाही प्रश्नच. बचत गटाची सीआरपी, रसवंती, तासिका तत्त्व, म्हशी. करखात्याच्या जाळ्यात यातलं काहीच सापडणार नाही, आणि मग कुणीतरी अहवाल लिहील की ग्रामीण कला शाखेची पदवी निष्फळ आहे. त्या अहवालाची मला आत्तापासून भीती वाटते. कारण त्यावरून अनुदानं ठरतील.

म्हणून सध्या माझ्या हातात आहे तेवढं केलंय. टीवायच्या मुलांकडून जाताना जो फॉर्म भरून घेतो त्यात दोन नंबर घालायला लावले: स्वतःचा, आणि ज्याचा नंबर दहा वर्षं बदलणार नाही अशा माणसाचा. मुली बहुतेक मामाचा देतात. दुसरं, शिष्यवृत्तीच्या रजिस्टरला ‘जमा दिनांक’ असा एक रकाना पेनानं आखलाय. भाऊसाहेबांना तो पसंत नाही. “मॅडम, रक्कम लिहिली की ऑडिट खूश होतं. तारीख लिहिली की लोक प्रश्न विचारतात.” पण लिहितायत. परवा त्यांनीच मला बोलावून दाखवलं की ओबीसीच्या मुलांचे हप्ते कुठल्या महिन्यात पडले आणि त्याच मुलांची हजेरी कधी उतरली होती. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बराच वेळ बसलो होतो. या वर्षीच्या एफ.वाय.पासून दोन्ही नोंदी एकाच वहीत ठेवायच्या असं ठरलं, पीआरएन टाकून.

2021 च्या बॅचचे फोन आता सुरू करतेय. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर वर्गाच्या ग्रुपवर नवा नंबर टाका. पगाराची स्लिप नको. काय करताय आणि कधीपासून, तेवढं सांगा. बाळ झालं असेल तर तेही.